उंच डोंगर, थंड नदी आणि डॉक्टरची सही

मागच्या आठवड्यात दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर ओळखीतला एक मुलगा आला. त्याचे लहानपणीचे गोवर-गालगुंड माझ्याच औषधांवर बरे झालेले. आता तो पुण्यात नोकरीला आहे, वय २७. हातात एक छापील कागद होता. म्हणाला, "डॉक्टरकाका, नुसती सही हवी आहे. बाकी सगळं मी भरलंय."

कागद होता वैद्यकीय पात्रतेच्या दाखल्याचा. जुलैअखेर लडाखमध्ये झंस्कार नदीत राफ्टिंग आणि पुढे मार्खा खोऱ्यातून पायी ट्रेक, असा दहा दिवसांचा कार्यक्रम होता. मी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, छाती तपासली. सगळे उत्तम. गडी कळसूबाई दोनदा चढलेला, हरिश्चंद्रगडाच्या वाऱ्या तर मोजतच नाही. तरीही मी पेन उचलले नाही. विचारले, "लेहला जाणार कसा? आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काय करणार?"

"विमानानं. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला बघायचा, तिसऱ्या दिवशी नदीवर."

"मग आधी तिकीट बदल. तीन दिवस अगोदर जा. सही त्यानंतर."

त्याचा चेहरा उतरला. "काका, पण मला झालंय काय?"

"तुला काहीच झालेलं नाही. म्हणूनच आत्ता सांगतोय."

त्याला जे अर्धा तास समजावले, तेच आज वाचकांसमोर ठेवतो. आपल्या जिल्ह्यातूनही हल्ली पुष्कळ तरुण आणि निवृत्त मंडळी हिमालयात जाऊ लागली आहेत. जावेच. पण शरीराला त्या उंचीची आणि त्या पाण्याची ओळख नसते. ती करून द्यावी लागते आणि तिला वेळ लागतो.

एक जुनी सही

मी इतका हट्ट का धरला, तेही सांगायला हवे. २०११ साली असाच एक दाखला मी दोन मिनिटांत सही करून दिला होता. गृहस्थ ४४ वर्षांचे, नोकरदार, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारे. रक्तदाब ठीक, साखर ठीक. "प्रकृती उत्तम" असे लिहून मी शिक्का मारला. कुठे जाणार एवढे विचारले. कसे जाणार, किती दिवस कुठे थांबणार, हे विचारले नाही.

ते विमानाने लेहला उतरले. दुसऱ्या दिवशी जीपने खारदुंग लाला जाऊन आले. डोके दुखत होते. प्रवासाने दुखत असेल म्हणून गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी पँगाँग तलावाकाठी मुक्काम. तेथे कोरडा खोकला सुरू झाला. बरोबरच्यांना वाटले थंडी बाधली, त्यांनी खोकल्याचे औषध दिले. रात्री त्यांना आडवे पडवेना. उशा रचून बसून रात्र काढली. सकाळी ओठ निळसर पडले होते आणि चार पावले टाकली तरी धाप लागत होती.

आता यातली खरी अडचण पाहा. पँगाँगहून लेहला परतायचे तर वाटेत चांग ला ही साडेसतरा हजार फुटांची खिंड ओलांडावी लागते. म्हणजे खाली येण्यासाठी आधी आणखी वर चढायचे! प्राणवायूची नळकांडी लावून त्यांना कसेबसे लेहच्या रुग्णालयात आणले. तेथील डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला. त्यांच्या फुप्फुसात पाणी झाले होते. राफ्टिंग पाचव्या दिवशी होते. नदी त्यांनी पाहिलीसुद्धा नाही.

परत आल्यावर ते पेढे घेऊन माझ्याकडे आले, आभार मानायला. मला तो पेढा घशाखाली उतरेना. दोष मी सहल नेणाऱ्यांवर ढकलत नाही. दाखल्याखाली सही माझी होती. तेव्हापासून असा कागद आला की मी आधी कार्यक्रमपत्रिका मागतो, स्टेथोस्कोप नंतर.

उंचीवर नेमके काय बिघडते

पुष्कळांचा समज असा, की उंचीवर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते. तसे नाही. प्रमाण खाली-वर सारखेच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो, तर लेहला तो जेमतेम ५०० भरतो. दाब कमी म्हणजे हवा विरळ, आणि हवा विरळ म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर शरीरात जाणारा प्राणवायू एक तृतीयांशाने कमी. साडेसतरा-अठरा हजार फुटांवर तो निम्म्यावर येतो.

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. लेह शहरच साडेअकरा हजार फुटांवर आहे. तेव्हा सह्याद्रीत कितीही गड चढलेले असोत, लेहच्या विमानतळावर उतरणारा माणूस एका दमात दोन कळसूबाईंहून उंच गेलेला असतो. तोही दिल्लीहून सव्वा-दीड तासात, खुर्चीत बसून.

शरीर गप्प बसत नाही. पहिल्या काही तासांतच श्वास जलद होतो आणि नाडीचे ठोके वाढतात. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्ताचा आम्ल-अल्कलीचा तोल ढळतो. तो सावरण्याचे काम मूत्रपिंडे करतात. पण त्यांना त्यासाठी दोन ते चार दिवस लागतात. या काळात लघवी जास्त होते, ते चांगलेच लक्षण समजावे. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर कित्येक आठवडे लागतात. या साऱ्याला आपण 'हवामान अंगवळणी पडणे' म्हणू. ते पैसे देऊन घाईने उरकता येत नाही आणि व्यायाम केला म्हणून आधी घरी बसून साधताही येत नाही.

रात्री झोपेत शेजारच्याचा श्वास काही क्षण थांबतो आणि मग तो एकदम मोठा श्वास घेतो, हे पाहून अनेकजण घाबरतात. नव्या उंचीवर असे होणे नेहमीचे आहे. बाकी लक्षणे नसतील तर घाबरण्याचे कारण नाही.

तीन आजार, एकाहून एक गंभीर

पहिला साधा उंचीचा आजार. पोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागते. त्याबरोबर मळमळ, अन्नावर वासना नसणे, गळून गेल्यासारखे वाटणे, चक्कर, यांपैकी काहीतरी असते. दारू प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी होते तशीच अवस्था. विश्रांती घेतली आणि आणखी वर गेले नाही, तर बहुधा एक-दोन दिवसांत हे बरे होते.

दुसरा फुप्फुसात पाणी होणे. हा बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो, पुष्कळदा रात्री. आधी चढावर नेहमीपेक्षा जास्त धाप लागते, मग कोरडा खोकला, मग बसल्या जागी धाप. नंतर खोकल्यातून गुलाबी फेस येऊ शकतो, पण त्याची वाट पाहू नये. डोके न दुखताही हा आजार होऊ शकतो. उंचीवर विश्रांतीत असताना लागणारी धाप कधीही 'सर्दी-खोकला' समजायची नाही, हे या लेखातले पहिले वाक्य पाठ करण्यासारखे.

तिसरा मेंदूला सूज येणे. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, सुस्त होतो, चालताना झोकांड्या खातो. तपासण्याची सोपी युक्ती अशी: जमिनीवर सरळ रेघ ओढावी आणि एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावत त्यावरून चालायला सांगावे. तोल गेला, तर तो माणूस गंभीर आजारी आहे असे समजून त्याच क्षणी खाली न्यावे, मग मध्यरात्र असो की पाऊस. त्याला एकटे सोडू नये. 'मी ठीक आहे' हे त्याचे म्हणणे ऐकू नये. ज्या मेंदूने ते ठरवायचे, तोच सुजलेला असतो.

या तिन्हींवरचा खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणे. हजार ते तीन हजार फूट उतरले तरी रोगी पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतका सुधारतो. प्राणवायू आणि औषधे ही उतरेपर्यंतची साथ आहे, उतरण्याला पर्याय नाही.

जवानांकडून शिकण्याचा धडा

या विषयाच्या वैद्यकीय ज्ञानात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास सखल प्रदेशातील जवानांना घाईने उंच सीमेवर न्यावे लागले आणि शेकडो जवान शत्रूची गोळी न लागताच आजारी पडले. लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १९२५ जवानांचा अभ्यास केला. तो १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचला.

आपल्या सैन्याचा शिरस्ता यातूनच पक्का झाला. ९ ते १२ हजार फुटांवर नेलेल्या जवानाला सहा दिवस द्यायचे. त्यातले पहिले दोन संपूर्ण विश्रांतीचे, पुढचे हळूहळू चालण्याचे. १२ हजारांच्या वर जायचे तर आणखी चार दिवस. १५ हजारांच्या वर आणखी चार. हे कोणासाठी? विशी-पंचविशीतल्या, रोज कवायत करणाऱ्या जवानांसाठी. आणि आमचा पर्यटक दुसऱ्याच दिवशी साडेसतरा हजार फुटांच्या खारदुंग लावर उभा राहून फोटो काढतो!

सर्वांना सैन्याइतके दिवस मिळत नाहीत, हे मान्य. म्हणून मी माझ्या रोग्यांना किमान हिशेब सांगतो तो असा. विमानाने लेहला गेल्यास पहिले दोन दिवस शहरातच, त्यातला पहिला खोलीतच. तिसऱ्या दिवशी पायी थोडे फिरावे. ट्रेकला निघायचे असेल तर चार दिवस लेहला द्यावेत. पुढे दहा हजार फुटांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा दीड हजार फुटांहून अधिक उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला येणे चालते. शरीर हिशेब मांडते तो झोपण्याच्या जागेचा.

मार्खा खोऱ्याचेच उदाहरण घ्या. चिलिंगजवळ झंस्कार नदी ओलांडून हा ट्रेक सुरू होतो. पहिले दिवस सोपे जातात, वाट हळूहळू चढते. पण मार्खा गावाहून पुढचा निमालिंगचा माळ सुमारे तीन हजार फुटांनी उंच आहे, आणि त्यापुढची कोंगमारू ला ही खिंड १७ हजार फुटांच्या आसपास. मार्खा ते निमालिंग एका दिवसात गाठायचे असे पत्रिकेत छापलेले असेल, तर मधे हंकर गावाजवळ एक मुक्काम वाढवून मागा. एक दिवस वाढेल, थोडे पैसे वाढतील, एवढेच.

कापूर, लसूण आणि प्राणवायूचा डबा

आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक मंडळींच्या गळ्यात रुमालात बांधलेली कापराची पुडी असते. कापूर हुंगला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, म्हणून प्राणवायू वाढला असा समज होतो. तो वाढत नाही. पुडी जवळ ठेवायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर वर चढू नये. लसणीचे सूप गरम आणि चवदार असते. त्याचा उपयोग तेवढाच. बाजारात मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात.

'मी तंदुरुस्त आहे, मला होणार नाही' हा चौथा गैरसमज, आणि तो सर्वांत घातक. तंदुरुस्ती या आजारापासून वाचवत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भराभर चढतो आणि डोके दुखते हे सांगायला लाजतो, म्हणून तोच अधिक सापडतो. गटात एखादी पन्नाशीची बाई सावकाश चालत ठणठणीत राहते आणि पुढे पळणारा पंचविशीचा मुलगा तंबूत ओकत पडतो, हे दृश्य तिकडे नवे नाही.

कोरोनाच्या साथीत घरोघरी पोचलेले बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर बरोबर न्यावे. पण लेहला आकडा नव्वदच्या आसपास किंवा त्याखाली दिसला तर लगेच घाबरू नये; तेथे तसा असतोच. आणि आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्षही करू नये. आकड्यापेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवावा.

पाणी पुरेसे प्यावे, लघवी फिकट राहील इतपत. पण 'दिवसाला सहा लिटर' अशी सक्ती करू नये. अति पाण्याने रक्तातले मीठ पातळ होऊन वेगळाच घोटाळा होतो. पहिले काही दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य, कारण दोन्ही श्वास मंदावतात.

ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर करवून घेते. प्रतिबंधासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. तिच्यामुळे बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते आणि सोडावॉटर बेचव लागते. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी ते आधीच सांगावे. गोळी घ्यायची की नाही, हे आपल्या डॉक्टरांनी ठरवावे. मित्राच्या डबीतून घेऊ नये. आणि गोळी घेतली म्हणून दिवस कमी करू नयेत.

नदी खाली जाते, पण फार खाली नाही

झंस्कारची मोठी मोहीम पदुम गावाजवळून सुरू होते. वाहत वाहत निम्मू येथे ही नदी सिंधूला मिळते. मधला प्रवास उंच, उभ्या कड्यांच्या घळीतून, कित्येक दिवसांचा. रात्री काठावरच्या वाळूत तंबू. पदुमला कारगिलकडून जायचे तर साडेचौदा हजार फुटांच्या आसपासची पेन्सी ला ही खिंड ओलांडावी लागते. थोडक्यात हौस भागवणारे चिलिंग ते निम्मू एवढाच टप्पा करतात.

कोणाला वाटेल, नदी तर खालीच नेते, मग उंचीच्या आजाराची भीती कशाला? येथेच फसगत होते. पदुम ते निम्मू दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर. पण उंची उतरते ती सुमारे दीड हजार फूटच, तीही अनेक दिवसांत. आजारी माणसाला लवकर खाली नेण्याचे काम ही नदी करू शकत नाही, आणि कड्यांमुळे बाजूने बाहेर पडणेही कठीण. २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा रस्ता जोडला गेल्याने तेथला एकांत पूर्वीइतका उरलेला नाही. तरी दरड, पूर आणि मोबाइलला नसलेला सिग्नल यांचा विचार करून एक नियम पाळावाच. डोके दुखत असेल, धाप लागत असेल, तर राफ्टमध्ये पाऊल ठेवायचे नाही. घळीत शिरण्यापूर्वी थांबणे सोपे, शिरल्यावर महाकठीण.

थंड पाण्याचे एक, दहा, एक

रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग केलेले वाचक बरेच असतील. वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर सकाळी तेथे राफ्ट चालतात. पडलो तर कोमट पाण्यात डुंबल्याची मजा. झंस्कारचे पाणी बर्फ वितळून आलेले असते. दिवसाच्या उन्हाने बर्फ वितळते तसा उत्तरोत्तर पाण्याचा लोंढाही वाढत जातो. 'मला पोहता येते' हा आत्मविश्वास तेथे पुरत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब काढून घेते.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांनी थंड पाण्यातले धोके लक्षात ठेवण्यासाठी सोपे सूत्र रूढ केले. एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास.

पहिल्या एका मिनिटात अंगाला धक्का बसतो. तोंडातून आपोआप मोठा हबका निघतो, श्वास धापांनी चालतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जाते. बुडणारे पुष्कळ येथेच बुडतात. म्हणून या मिनिटात पोहण्याची घाई करू नये. लाइफ जॅकेटला तरंगवू द्यावे, लाटेच्या दोन उंचवट्यांमध्ये श्वास घ्यावा आणि तो आवरण्यावरच लक्ष ठेवावे. धक्का ओसरतो.

पुढची दहा मिनिटे कामाची. या वेळेत हातपाय चालतात. नंतर बोटे वळत नाहीत, दोरी धरवत नाही, उत्तम पोहणाराही थकतो. राफ्टकडे किंवा काठाकडे जायचे ते याच वेळात.

अंग आतून गार पडून शुद्ध हरपायला सुमारे तास लागतो. म्हणजे लाइफ जॅकेट असेल तर घाबरून जाण्याइतका वेळ कमी नाही, आणि जॅकेट नसेल तर त्या तासाचा काही उपयोग नाही. जॅकेटचे सारे पट्टे आवळावेत. दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढले तरी ते हनुवटीवर येता कामा नये. हेल्मेटचा पट्टाही तसाच.

पाण्यात पडल्यास पाठीवर उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे, पावले पाण्याच्या वर. समोर खडक आला तर तो पायांनी झेलता येतो, डोक्याने नाही. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न कधीही करू नये. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकले की प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो. कमरेएवढ्या पाण्यातही माणूस बुडतो तो असा. वल्ह्याच्या वरच्या मुठीवरचा हात सोडू नये, नाहीतर ती मूठ शेजाऱ्याचे दात पाडते. राफ्टिंगमधल्या दुखापतींत खांदा निखळणे आणि वल्ह्याने तोंड फुटणे ही नेहमीची.

बाहेर काढलेल्याची काळजी

बाहेर काढलेला माणूस 'वाचला' म्हणून लगेच उभा करू नये. फार गार पडलेल्याला उभे केले किंवा चालवले तर रक्तदाब एकदम उतरून तो कोसळू शकतो. त्याला अलगद आडवे ठेवावे. ओले कपडे काढावेत, कोरडे घालावेत, डोके-मान झाकावी, अंगाखाली काहीतरी पसरावे, वाऱ्यापासून आडोसा करावा. पूर्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम, गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, शेकोटीला अगदी जवळ बसवू नये आणि ब्रँडी तर मुळीच देऊ नये. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण कातडीकडे रक्त जाऊन आतली उष्णता आणखी निघून जाते.

थडथडून कापणारा माणूस तितका धोक्यात नसतो. कापणे थांबले, पण अंग गारच आहे आणि बोलणे जड झाले आहे, तो खरा धोका. श्वास थांबलेला असल्यास तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, दोन्ही सुरू करावे. गार पडलेला माणूस मेल्यासारखा दिसूनही वाचू शकतो, म्हणून लवकर आशा सोडू नये.

कोणी जाऊ नये, कोणी विचारून जावे

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, छातीत कळ येणारे, हृदय कमजोर असलेले, जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार बळावलेले, फीट येणारे आणि गरोदर स्त्रिया यांनी अशा मोहिमेवर जाऊ नये. ज्यांच्या फुप्फुसात पूर्वी उंचीवर पाणी झाले होते, त्यांना ते पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते. रक्तदाबाचे रोगी औषध सुरू ठेवून, तपासून जाऊ शकतात. वर रक्तदाब थोडा वाढतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गोठू देऊ नये. रक्त कमी असलेल्यांनी आधी ते भरून काढावे.

एक गोष्ट आपल्या राज्यासाठी खास. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. हा आजार असलेल्यांनी इतक्या उंचीवर जाऊच नये. पण ज्यांच्यात तो फक्त वाहक स्वरूपात आहे, ज्यांना एरवी काही त्रास नाही, त्यांनाही उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली तीव्र कळ येऊ शकते. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे, त्यांनी जाण्यापूर्वी रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी.

सही कधी मिळाली

परवा तो मुलगा पुन्हा आला. तिकीट तीन दिवस अलीकडचे झाले होते, खारदुंग ला शेवटच्या दिवशी गेला होता आणि हंकरचा मुक्काम पत्रिकेत पेनने वाढवलेला होता. "पाच हजार जास्तीचे गेले, काका," तो म्हणाला. मी म्हटले, "सर्वांत स्वस्त औषध घेतलंस." आणि सही केली. जाताना एकच वचन घेतले. डोके दुखले तर लपवायचे नाही, आणि दुसऱ्याचे दुखत असेल तर त्याला एकटे सोडून पुढे जायचे नाही.

वाचकहो, दाखल्यावर सही देताना डॉक्टर तुमचे आजचे हृदय आणि आजचा रक्तदाब तपासतो. साडेअकरा हजार फुटांवरच्या दुसऱ्या रात्री काय होईल, हे कुठल्याही यंत्राला आज सांगता येत नाही. ते ठरते तुम्ही हाताशी किती दिवस ठेवले आहेत यावर. तेव्हा सही मागायला याल तेव्हा मोकळा कागद आणू नका, कार्यक्रमपत्रिका बरोबर आणा. खिंड, नदी, डोंगर कोठे पळून जात नाहीत. दोन दिवस उशिरा गेलात, तरी ते तेथेच असतील.